उत्तर आले, पण तपासले का?

भंडाऱ्याहून देवरीला जाणाऱ्या एस.टी.चे मोठे थांबे क्रमाने सांगा, असे कोणी म्हटले तर तुम्ही चटकन सांगाल : भंडारा, लाखनी, साकोली, देवरी. आणि परतीच्या गाडीचे? देवरी, साकोली, लाखनी, भंडारा. यात विचारण्यासारखे काय आहे, असे तुमच्या मनात येईल. पण नेमका हाच प्रश्न संगणकाच्या भाषेत घालून पुण्या-मुंबईच्या आणि बंगळूर-हैदराबादच्या कंपन्या नोकरीच्या मुलाखतीत विचारत आल्या आहेत. 'लिंक्ड लिस्ट उलटी करा' असे त्याचे नाव. संगणकशास्त्राची पदवी घेतलेली मुलेही येथे अडखळतात. त्यांना बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. उत्तर लिहून झाल्यावर ते तपासून पाहायची सवय त्यांना शाळेत कोणी लावलेली नसते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते आज तुमच्यापुढे व तुमच्या शिक्षकांपुढे मांडायचे आहे.

आधी ही लिंक्ड लिस्ट म्हणजे काय ते पाहू. आपण तिला साखळी-यादी म्हणू या. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या धानाच्या मुलखातील गावात राहणाऱ्या मुलाला ती समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. रोवणीच्या दिवसांत वरच्या बांधीतले पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत सोडतात, तेथून आणखी खालच्या बांधीत. प्रत्येक बांधीला ठाऊक असते ते एवढेच, की माझे पाणी पुढे कोणत्या बांधीत जाते. एकूण बांध्या किती, शेवटची कोणती, हे तिला ठाऊक नसते. शेवटच्या बांधीचे पाणी नाल्याला मिळते आणि तेथे यादी संपते. (यादीच्या शेवटाला इंग्रजीत 'नल' म्हणतात. आपला नाला आणि त्यांचा नल यांचा भाषेच्या दृष्टीने काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोय आहे!)

संगणकाच्या स्मृतीत क्रमांक घातलेली घरे असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेला 'टिफ्रॅक' हा संगणक भारतातच रचलेला होता. त्याच्या मुख्य स्मृतीत अशी घरे होती अवघी २,०४८. आजच्या साध्या मोबाइल फोनमध्ये ती अब्जावधी असतात. घरे थोडी असोत की पुष्कळ, एक अडचण कायम राहते. यादी ओळीने शेजारशेजारच्या घरांत भरली आणि मध्येच एक नवे नाव घालायचे झाले, तर पुढची सगळी नावे एकेक घर सरकवावी लागतात. हजेरीपटात मध्येच नवा विद्यार्थी आला की गुरुजींची जी तारांबळ होते, तीच ही. त्यावर तोड म्हणून १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी साखळी-यादी वापरात आणली. यंत्राकडून तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करून घेण्याच्या खटपटीत ते होते, आणि कोणती यादी किती वाढेल हे त्यांना आधी सांगता येत नव्हते. म्हणून त्यांनी नावे कोठेही ठेवली आणि प्रत्येक नावासोबत पुढच्या नावाच्या घराचा क्रमांक लिहिला. मध्ये नवे नाव घालायचे तर आता दोनच चिठ्ठ्या बदलायच्या, बाकी कोणी जागचे हलायचे नाही.

आता खडू घ्या आणि शाळेच्या ओसरीवर नऊ घरे आखा. त्यांना १ ते ९ क्रमांक द्या. भंडारा ४ क्रमांकाच्या घरात ठेवा आणि चिठ्ठीवर 'पुढे ९' लिहा. लाखनी ९ मध्ये, चिठ्ठी 'पुढे २'. साकोली २ मध्ये, चिठ्ठी 'पुढे ७'. देवरी ७ मध्ये, चिठ्ठी 'पुढे ०'. शून्य क्रमांकाचे घर नाही, म्हणून शून्य म्हणजे शेवट. फळ्यावर लिहा : 'सुरुवात ४'. झाली साखळी-यादी. संगणक लागला नाही, वीज लागली नाही.

ती उलटी करायची, पण नावे जागची हलवायची नाहीत. फक्त चिठ्ठ्यांवरचे आकडे बदलायचे. बांधीतले पाणी चढावर नेता येत नाही, चिठ्ठीवरचा आकडा मात्र खोडता येतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले काय करतात? लाखनीची चिठ्ठी उचलतात, 'पुढे २' खोडतात आणि 'पुढे ४' लिहितात. ठीक. आता साकोली कोठे? तो २ हा आकडा तर आपण नुकताच खोडला! साकोली आणि देवरी आपापल्या घरांत सुखरूप आहेत, पण तेथे जायची वाट कोणालाच ठाऊक नाही. ओसरीवर आपल्याला ती दिसतात म्हणून हसू येते. यंत्राला डोळे नाहीत. हरवलेले घर त्याच्या लेखी नाहीच.

यावर उपाय तीन मुलांचा. एकाच्या हाती 'मागचा', दुसऱ्याच्या हाती 'आताचा' आणि तिसऱ्याच्या हाती 'पुढचा' अशा पाट्या द्या. आरंभी मागचा ०, आताचा ४. प्रत्येक पावलाला चार कामे, आणि ती याच क्रमाने करायची. आताच्या घरातला आकडा 'पुढचा'च्या पाटीवर उतरवून घ्या. मग आताच्या घरात 'मागचा'चा आकडा लिहा. मग मागचा आताच्या जागी जातो, आणि आताचा पुढच्याच्या जागी. आताचा शून्य झाला की थांबा. 'मागचा'च्या पाटीवर जो आकडा असेल ती नवी सुरुवात.

करून पाहा. पहिल्या पावलात ४ मध्ये ० येतो, दुसऱ्यात ९ मध्ये ४, तिसऱ्यात २ मध्ये ९, चौथ्यात ७ मध्ये २. आताचा शून्य, मागचा ७. सुरुवात ७ : देवरी, साकोली, लाखनी, भंडारा, शून्य. उत्तर आले!

येथे बहुतेक जण पेन खाली ठेवतात. मुलाखतीतही ठेवतात. मला विचाराल तर खरी परीक्षा येथून पुढे सुरू होते. हा प्रश्न आता इतका जुना झाला आहे, की त्याचे उत्तर पाठ करून येणे कठीण राहिलेले नाही. बाजारात सोडवलेल्या प्रश्नांची जाडजूड पुस्तके मिळतात, आणि चॅटजीपीटीसारखी साधने आल्यापासून तर उत्तर लिहून मिळायला काही क्षण पुरतात. उत्तर लिहिता आले एवढ्यावरून उमेदवाराबद्दल फारसे काही कळत नाही. ते लिहून झाल्यावरच्या पाच मिनिटांत तो काय करतो, यावरून पुष्कळ कळते.

तपासणी म्हणजे काय, ते एका चुकीच्या उत्तरावरूनच पाहू. समजा एका मुलीने असा विचार केला : भंडारा पहिला आहे, त्याच्या मागे कोणी नाही, मग त्याच्या घरात काही करायचेच कशाला? ती मागचा ४ आणि आताचा ९ येथून सुरुवात करते. बाकी पावले अगदी आपल्यासारखीच. शेवटी ९ मध्ये ४, २ मध्ये ९, ७ मध्ये २, आणि सुरुवात ७. ती यादी वाचून दाखवते : देवरी, साकोली, लाखनी, भंडारा. वर्गात टाळ्या. चारही नावे बरोबर, क्रमही बरोबर.

पण चार नावे वाचून ती थांबली, कारण नावे चारच आहेत हे तिला आधीपासून ठाऊक होते. यंत्र थांबेल का? भंडाऱ्याच्या चिठ्ठीवर अजून जुनाच आकडा आहे : 'पुढे ९'. यंत्र पुन्हा लाखनीला जाईल, तेथून भंडाऱ्याला, पुन्हा लाखनीला. एस.टी.चा ड्रायव्हर जन्मभर भंडारा-लाखनी फेऱ्या मारत बसला, तशी गत! उत्तर अपेक्षेशी जुळले, तरी आज्ञावली चूक होती. का? तर अपेक्षेत 'शेवटी शून्य आले पाहिजे' ही गोष्ट लिहिलेलीच नव्हती. म्हणून तपासणी करताना अपेक्षित उत्तर आधी कागदावर पूर्ण लिहून ठेवावे, शेवटच्या शून्यासकट. उत्तर पाहून मग 'हो, असेच यायला हवे होते' म्हणणे ही तपासणी नव्हे, ती मनाची समजूत.

दुसरी चूक आणखी लबाड आहे. एकाने नियम असा केला : आताच्या घरात ० दिसला की फेरी थांबवायची, मग त्या घरात 'मागचा'चा आकडा लिहायचा आणि तेच घर नवी सुरुवात म्हणून द्यायचे. चार थांब्यांवर चालवा, बरोबर. शंभरांवर चालवा, बरोबर. एकाच थांब्याच्या यादीवर चालवा, तेही बरोबर. आता फळ्यावर लिहा : 'सुरुवात ०'. म्हणजे एकही थांबा नसलेली, रिकामी यादी. हा गडी शून्य क्रमांकाच्या घरात डोकवायला जाईल. ते घर तर नाहीच, आणि आज्ञावली कोसळेल. आपल्या तीन पाट्यांच्या रीतीत मात्र आताचा आरंभीच शून्य, म्हणून एकही पाऊल न टाकता थांबायचे आणि मागचा, म्हणजे शून्य, हेच उत्तर. रिकामी यादी उलटी केली तर रिकामीच.

'रिकामी यादी कोण देणार हो?' असे विचारणारे नेहमी भेटतात. त्यांना ३१ डिसेंबर २००८ ची गोष्ट सांगावी. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे 'झून' नावाचे खिशात मावणारे संगीतयंत्र तेव्हा विकले जात असे. त्यातील एका प्रकारची यंत्रे त्या दिवशी जगभर एकाएकी गोठली. २००८ हे लीप वर्ष होते आणि तो दिवस वर्षाचा ३६६ वा. दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणाऱ्या आज्ञावलीत नेमक्या ३६६ या आकड्याला बाहेर पडायची वाटच ठेवलेली नव्हती. ती त्याच त्या फेऱ्यात फिरत राहिली. दुसरा दिवस उजाडल्यावर, बॅटरी उतरून पुन्हा भरली की यंत्र ठीक चाले. ३६५ वर उत्तर बरोबर येत होते, ३६७ वरही बरोबर आले असते. राहिला तो काठावरचा एक दिवस. चुका काठावर राहतात. पाटीला तडा बहुधा कडेलाच जातो, तसे हे आहे. म्हणून यादी रिकामी, एका घराची, दोन घरांची, हे काठ आधी पाहावेत आणि मोठी यादी मागाहून.

आता त्या लाखनी-भंडारा फेऱ्याकडे परत येऊ. यादी फेऱ्यात अडकली आहे की फक्त खूप लांब आहे, हे यंत्राने कसे ओळखायचे? त्यासाठी जी युक्ती वापरतात तिचे श्रेय अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांना देतात, आणि तिचे नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल : ससा आणि कासव! दोघे सुरुवातीच्या घरातून निघतात. कासव प्रत्येक वेळी एक घर पुढे जाते, ससा दोन. यादीला शेवट असेल तर ससा शून्याला पोचतो आणि प्रश्न मिटतो. फेरा असेल तर दोघेही आज ना उद्या फेऱ्यात शिरतात. शिरल्यावर ससा कासवाच्या मागे जितकी घरे असेल, ते अंतर प्रत्येक पावलाला बरोबर एकाने घटते. एकाने घटत जाणारे अंतर शून्याला चुकवून पुढे उडी मारू शकत नाही, म्हणून ससा कासवाला गाठणारच. आपल्या बिघडलेल्या यादीवर (७, २, ९, ४, पुन्हा ९) पाहा : पहिल्या पावलानंतर कासव २ वर, ससा ९ वर. दुसऱ्यानंतर कासव ९ वर, आणि ससा ४ वरून फिरून ९ वर. भेट झाली! गोष्टीतला ससा झोपला म्हणून हरला; हा जागा राहिला, म्हणून तर कासवाला भेटला.

आता एक अंदाज करा. फेरा असलेली ही यादी आपल्या तीन पाट्यांच्या रीतीला दिली तर काय होईल? पुढे वाचण्याआधी उत्तर वहीत लिहा. बहुतेक जण 'कधीच थांबणार नाही' असे लिहितात, आणि त्यात शिक्षकही असतात. ओसरीवर करून पाहा. आताचा ७, मग २, मग ९, मग ४, मग पुन्हा ९. पण ९ च्या चिठ्ठीवर आपण आधीच 'पुढे २' लिहून ठेवले आहे! म्हणून आताचा तेथून २ वर जातो, मग ७ वर, आणि ७ च्या चिठ्ठीवर ० असल्यामुळे थांबतो. सात पावले झाली, मागचा ७, म्हणजे सुरुवातही पूर्वीचीच. चिठ्ठ्या वाचल्या तर ७, २, ९, ४, पुन्हा ९. एवढा खटाटोप करून यादी होती तशीच! कारण उघड आहे. जाताना आपण प्रत्येक घरात परतीची वाट लिहीत गेलो, म्हणून फेऱ्यातून बाहेर पडायची वाट आपोआप तयार झाली. फेऱ्यात दोनच घरे होती म्हणून यादी जशीच्या तशी राहिली. तीन घरांचा फेरा करून पाहा, फेऱ्याच्या आतला क्रम तेवढा उलटलेला दिसेल. पुन्हा एकदा उलटवा, मूळ यादी परत येईल.

हे मला इतके का आवडते ते सांगतो. रीत आपण लिहिली, तरी ती फेऱ्यावर काय करील हे आपल्याला ठाऊक नव्हते. ते चिठ्ठ्यांनी सांगितले. विज्ञानात प्रयोगाचे जे स्थान, तेच आज्ञावलीत तपासणीचे. प्रयोगशाळेत आपण अनुमान लिहितो, निरीक्षण लिहितो, दोन्ही जुळतात का पाहतो, आणि संगणकाच्या तासाला मात्र पडद्यावर काहीतरी उमटले की वही मिटतो.

अर्थात नुसत्या तपासणीलाही मर्यादा आहे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास बजावले होते, की तपासणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाहीच हे दाखवता येत नाही. म्हणून दोन-चार याद्या तपासून झाल्यावर एक वाक्य स्वतःला म्हणता आले पाहिजे : फेरा नसलेल्या यादीत प्रत्येक पावलानंतर मागची सर्व घरे उलट जोडलेली आहेत, पुढची सर्व घरे अजून मूळचीच आहेत, आणि एकही घर हरवलेले नाही. हे आरंभी खरे आहे, प्रत्येक पाऊल ते खरे ठेवते, आणि पुढे घर उरले नाही की सगळी यादी उलटलेली असते. भूमितीतल्या सिद्धतेपेक्षा हे काही वेगळे नाही. आणि हे वाक्य मराठीत म्हणून पाहावे. ज्याला ते आपल्या भाषेत नीट म्हणता येते, त्याला इंग्रजीत मुलाखत देताना शब्द शोधावे लागतील, विचार शोधावा लागणार नाही. गावातल्या शाळेतून गेलेल्या मुलाला मुलाखतीच्या खोलीत जी भीती वाटते, तिच्यात भाषेचा वाटा मोठा असतो. निदान विचाराच्या बाबतीत तरी त्याने निर्धास्त असावे.

कोणी म्हणेल, प्रत्यक्ष नोकरीत साखळी-यादी हाताने उलटी करायची वेळ किती जणांवर येते? फार थोड्यांवर, हे कबूल. त्यासाठी तयार साधने असतात. हा प्रश्न विचारून माणसाची पारख पुरती होते असे मलाही वाटत नाही. पण दुसऱ्याने लिहिलेले, किंवा यंत्राने लिहून दिलेले, बरोबर आहे की नाही हे ठरवायची वेळ मात्र रोज येते, आणि ती पुढे वाढतच जाणार.

म्हणून शिक्षकांना एक सूचना करतो. दहा गुणांची आज्ञावली विचारली, तर त्यातले पाच गुण उत्तराला ठेवा आणि पाच गुण विद्यार्थ्याने आधी लिहिलेल्या तपासणीच्या याद्यांना. कोणती यादी निवडली, ती का निवडली, अपेक्षित उत्तर काय, प्रत्यक्षात काय आले. आणि ज्याने स्वतःची चूक स्वतः शोधून तशी नोंद केली, त्याचा गुण कापू नका, वाढवा. आज आपण खाडाखोड केलेल्या वहीला कमी लेखतो, आणि मुले चुका लपवायला शिकतात. संगणकाची खोली कुलपात असली, वीज गेलेली असली, तरी ओसरी, खडू आणि चिठ्ठ्या यांवर हा तास होऊ शकतो. मुले वर्गाबाहेर बसवली म्हणून मुख्याध्यापकांनी विचारले, तर त्यांच्याही हाती एक पाटी द्यावी!

आता चिठ्ठ्या उचलण्याआधी एवढे करून पाहा. फेरा असलेली यादी उलटवली तेव्हा सुरुवात पूर्वीचीच आली. मग 'सुरुवात बदलली नाही म्हणजे यादीत फेरा आहे' असा नियम करावा का? एकाच घराच्या दोन याद्या मांडा. दोन्हींत भंडारा ४ क्रमांकाच्या घरात. पहिलीत चिठ्ठीवर 'पुढे ०', दुसरीत 'पुढे ४'. दोन्ही तीन पाट्यांनी उलटवा, पावले मोजा, आणि आपल्या नियमाला कोणती अट जोडावी लागते ते वहीत लिहा.